हसू आणि हसे

नरकचतुर्दशीची पहाट होती. भोरला माझ्या माहेरी बंब पेटला होता, पाटाभोवती रांगोळी निघाली होती, आणि समईच्या उजेडात माझी पाच वर्षांची भाची पाटावर बसली होती. ती न्यू जर्सीत वाढलेली. आजोळची दिवाळी प्रथमच पाहत होती. माझ्या आईने तिच्या अंगाला तेल चोळले, मग वाटीत कालवलेले उटणे लावावयास घेतले. न्हाणीतून वाफेचे लोट येत होते. पोरीने एकदा वाटीकडे पाहिले, एकदा वाफेकडे पाहिले, आणि अगदी हळू आवाजात विचारले,

"आजी, आता मला तळणार?"

झाले! सगळे घर हसत सुटले. माझा भाऊ तर भिंतीला टेकून खाली बसला. आईच्या हातातली वाटी कलंडली. मीही हसले, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत मोठ्याने मीच हसले.

आता ह्या प्रश्नामागची हकिकत पाहा. आदला सबंध दिवस ही मुलगी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून चकल्या होताना पाहत होती. भाजणीत तेलाचे मोहन घातले, पीठ मळले, सोऱ्यातून चकल्या पाडल्या आणि त्या कढत तेलात सोडल्या. "कढईजवळ येऊ नकोस, भाजेल," असे तिला दहादा बजावले होते. दुसऱ्या दिवशी रात्रीसारख्या अंधारात तिला झोपेतून उठवले, कपडे उतरवले, अंगाला तेल चोपडले, भाजणीच्याच रंगाचे काहीतरी वर थापावयास घेतले, आणि पलीकडे काहीतरी रटरटत होते. न्यायशास्त्राच्या एखाद्या पंडिताला ह्या खुणा दिल्या असत्या तर त्याने तरी निराळा कोणता निष्कर्ष काढला असता?

आम्ही हसत होतो आणि ती रडू लागली होती. भावाने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "परत म्हण ना, काय म्हणालीस?" ती म्हणेना, तेव्हा तिचे रडणेच त्याने टिपून घेतले. फराळाची ताटे मांडेपर्यंत ते मुंबईच्या काकूंना आणि नाशिकच्या मामांना पोहोचले होते, आणि संध्याकाळपर्यंत पोरीचे नाव 'चकली' पडले होते. कुणीतरी तिला जवळ घेऊन "नाही ग, हे उटणे आहे, ह्याने अंग मऊ होतं," असे सांगितले असेलच. पण कुणी सांगितले ते मला आठवत नाही. मी तर नक्कीच सांगितले नव्हते.

हाच प्रश्न पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात घोळत राहिला. लहान मुलाच्या बोलण्याला हसावे का? प्रश्न क्षुल्लक आहे, असे आपणांस वाटेल. दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचावयाचा हा विषय आहे का, असेही वाटेल. पण दिवाळीतच घराघरांत परदेशची नातवंडे येतात, निदान फोनच्या पडद्यावर तरी येतात, आणि त्यांच्या बोलांवर घर हसून लोळते. मग दिवाळीतच हा विषय निघालेला बरा.

*

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बोलांचा एक मोठा खजिना प्रत्येक घरात साठलेला असतो. माझ्या भाचीच्याच त्या महिन्याभराच्या मुक्कामातले काही मासले देते.

शेजारच्या बाई आल्या. हिने विचारले, "तुमचं नाव काय?" त्या म्हणाल्या, "मी काकू." दुपारी दुसऱ्या आल्या, त्याही काकू. तिसऱ्या आल्या, त्याही काकूच. रात्री ही आईला म्हणाली, "इथे सगळ्यांचं नाव एकच कसं? मग ह्यांच्या शाळेत टीचर हजेरी कशी घेत होत्या?"

अंगणात बोका आला. ही म्हणाली, "तो मांजर." भावाने दुरुस्त केले, "ते मांजर, किंवा ती मांजर." "पण त्याला मिशा आहेत ना!" भाऊ निरुत्तर झाला. मग मी माझी विद्वत्ता दाखवावयास म्हटले की, अग, मिशीसुद्धा 'ती'च असते, आणि दाढीही 'ती'. पोरीने बापाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मग ह्या दोघी बाबांच्या तोंडावर काय करतात?"

भाऊबिजेला सगळे माझ्या घरी वेल्ह्याला आले. तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण आमच्या तोंडी वेल्हेच बसलेले आहे. आमच्या अंगणात मुलांनी मातीचा किल्ला केला होता. वर हळीव पेरलेले, पायथ्याशी मावळे मांडलेले. भाचीने किल्ला पाहिला, मान वर करून समोरचा तोरणा पाहिला, आणि म्हणाली, "खरा तिथे आहे. मग हा खोटा का बांधता?" माझा मुलगा काही बोलला नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या दहा पिढ्यांत कुणाला द्यावे लागले नव्हते.

आणि सर्वांत मोठा आरोप तिने माझ्या आईवर केला. आई शेजारी हळदीकुंकवाला निघाली, दारातून म्हणाली, "येते हं!" आणि गेली. ही दारात वाट पाहत उभी राहिली. अर्ध्या तासाने आत येऊन गंभीरपणे म्हणाली, "आजी खोटं बोलली. 'येते' म्हणाली आणि गेली."

आता ह्यांतला एकही बोल मूर्खपणाचा आहे का? मला तर प्रत्येक वेळी असे वाटले की आपल्या घराच्या भिंतीला कुठेतरी एक जुनी फट आहे, आपण तिच्यावर रोज हात ठेवून जातो, आणि ह्या पोरीने तिच्यात बोट घालून विचारले, 'हे काय?' 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावे, कारण जाणाऱ्याने परतण्याचे वचन देऊन निघावे, ही केवढी सुंदर रीत आहे! पण ती सुंदर आहे हे मला चाळीस वर्षांत कधी जाणवले नव्हते. ते एका मुलीने आजीला खोटारडी ठरवले तेव्हा जाणवले.

रशियन भाषेत कोर्नेय चुकोव्स्की म्हणून मुलांसाठी लिहिणारे मोठे लेखक होऊन गेले (१८८२–१९६९). त्यांनी आयुष्यभर लहान मुलांचे बोल गोळा केले. देशभरचे आईबाप त्यांना पत्रांतून असे बोल कळवीत. त्यांतून त्यांचे 'दोन ते पाच' हे पुस्तक झाले. ह्या वयात मूल भाषेच्या बाबतीत प्रतिभावंतच असते, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत जीन बर्को ह्या बाईंनी १९५८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, त्याला 'वग' असे बनावट नाव दिले, आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असे विचारले. तो शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता. तरी बहुतेकांनी त्याचे अनेकवचन बरोबर केले. म्हणजे मुले नुसती पोपटपंची करीत नाहीत. ती ऐकलेल्यातून नियम काढतात आणि तो नियम निष्ठेने पाळतात.

आमच्या बालवाडीत हे रोज घडते. 'मी चित्र करलं,' असे मूल म्हणते आणि आपण हसतो. पण धर–धरलं, भर–भरलं. मग कर–करलं का नाही? चूक मुलाची नाही. भाषा आपलाच नियम मोडून 'केलं' म्हणते. मुलाने तर तो पाळला. प्रामाणिक माणसाला हसण्याची आपली सवय अशी लवकर सुरू होते.

*

माझे शिक्षण जुन्या भाषेत सांगावयाचे तर मॅट्रिकपर्यंतचे. भाषाशास्त्र मी शिकले नाही. जे थोडेफार कळले ते तोरण्याच्या पायथ्याशी एका खोलीत, वीस वर्षे जमिनीवर बसून कळले. आणि ह्या बाबतीत माझा पहिला गुरू अमेरिकेहून आलेला नव्हता. तो धनगरवाड्यावरून आला होता.

भाची यायच्या बरीच वर्षे आधीची गोष्ट. चार वर्षांचा तो मुलगा बालवाडीत नवाच होता. मी मुलांना चित्रे दाखवीत होते. समुद्राचे चित्र आले. मी विचारले, "हे काय आहे?" तो पटकन उठून म्हणाला, "धरण!" मी हसले. बाई हसल्या म्हणजे सर्वांना हसण्याचा परवाना मिळाला, वर्ग खिदळला. मुलगा खाली बसला. पानशेतकडे त्याचे आजोळ होते. पाणी विहिरीत असते, ओढ्यात असते, आणि डोळ्यांत मावत नाही इतके असते ते धरणात, हे त्याचे ज्ञान स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलेले होते. माझ्या समुद्राचे ज्ञान मात्र त्या कागदाइतकेच होते. तोवर मी समुद्र दोनदाच पाहिला होता.

त्यानंतर महिनाभर तो वर्गात बोलला नाही. एक दिवस त्याची आजी आली. म्हणाली, "बाई, घरी पोरगं तोंड मिटत न्हाई. साळंतच का मुकं होतंय?" मला उत्तर ठाऊक होते, पण ते मी तिला दिले नाही.

परदेश म्हणजे काय, ह्याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागले. विमानात बसून सात समुद्र ओलांडावे लागतात तोच परदेश, असे आपण धरून चालतो. पण धनगरवाड्यावरून डोंगर उतरून जे मूल शाळेच्या उंबरठ्याशी येते, त्याला आमची पुस्तकी मराठी हा परदेशच असतो. तिथले शब्द निराळे, रीत निराळी, आणि तिथल्या नागरिकांना त्याच्या बोलण्याचे हसू येते. ताराबाई मोडकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केले, पुढे १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, गुरे राखावयास गेलेल्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवावी, असा त्यांचा मार्ग होता. परदेशी कुणी जावयाचे, मुलाने की बाईने, ह्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर स्पष्ट होते.

माझे आणि त्या मुलाचे पुढे काय झाले? जे झाले त्यात माझे श्रेय काही नाही. पावसाळ्यानंतर एकदा मुलांना घेऊन मी शिवारात गेले होते. बांधावर एक इवलेसे पिल्लू उड्या मारीत होते. मी कौतुकाने म्हटले, "बघा, कोकरू किती छान!" मागून आवाज आला, "करडू हाय ते, बाई! कोकरू मेंढीचं आसतंय!" आणि तो मुलगा पोट धरून हसू लागला. सगळी मुले हसली. माझे कान तापले. क्षणभर खरोखर रागही आला. मग मीही हसले. त्या दिवसापासून तो वर्गात बोलू लागला, आणि नंतर इतका बोलू लागला की त्याला गप्प बसवणे हेच माझे काम होऊन बसले.

*

माझ्या आईला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता घरात हसायचंही नाही का? तुम्हांला आम्ही हसून हसूनच वाढवलं. तू सहा वर्षांची होईस्तोवर रेल्वेला 'लेलवे' म्हणत होतीस. अजून आम्ही हसतो. त्याने तुझं काय वाकडं झालं? ज्या घरात पोराला हसत नाहीत, त्या घरात पोराशी कुणी बोलतही नाही."

आईच्या म्हणण्यात तथ्य आहे. गंभीर चेहऱ्याने मुलाचा प्रत्येक शब्द जोखणारे घर माझ्याही डोळ्यांपुढे येते आणि त्यापेक्षा आमचे खिदळणारे घर बरे वाटते. हसणे हा मायेचाच एक प्रकार आहे. मग आईने मला हसून माझे काही बिघडले नाही, आणि आम्ही भाचीला हसलो तेव्हा बिघडले, ते का?

त्याचे उत्तर त्या करडाने मला दिले आहे. आई 'लेलवे'ला हसे, तेव्हा मीही आजोबांच्या घोरण्याला हसत असे, भावाच्या बोबड्या आरतीला हसत असे, आईने इंग्रजी नावे उच्चारली की तिलाही हसत असे. आमच्या घरात हसण्याची फिटंफाट होती. आज तुम्ही, उद्या आम्ही. परदेशातून महिन्याभरासाठी आलेल्या पाच वर्षांच्या मुलीला मात्र आम्हांला कशावरून हसावे हेच ठाऊक नव्हते. घर आमचे, भाषा आमची, विनोद आमचा. आणि आम्ही पंधरा जण, ती एकटी. जिथे हसणे परत करता येत नाही तिथे हसू राहत नाही, त्याचे हसे होते. मराठीने हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत. पहिल्यात दोघे असतात, दुसऱ्यात एकटाच असतो.

आणि एकट्या पडलेल्या माणसाजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे न बोलणे. दोन वर्षांनी भाची पुन्हा आली, तेव्हा तिला सगळे कळत होते, पण ती मान हलवून किंवा इंग्रजीतून उत्तर देत होती. बहीण म्हणाली, "समजतं ग तिला सगळं, फक्त बोलत नाही." हे वाक्य परदेशातल्या किती मराठी घरांत ऐकू येत असेल! तिथली माणसे प्रयत्न करीत नाहीत असे मुळीच नाही. उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, आणि आज तिथल्या अनेक गावांत मराठी शाळा भरतात. माझी भाचीही रविवारी अशा शाळेत जाते, बाराखडी लिहिते, शब्द पाठ करते. पण शाळा अक्षर देऊ शकते. बोलण्याची हिंमत घरच देते, आणि घरच ती काढूनही घेते.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात. १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांतही आजीची मराठी आणि नातवंडांची हिब्रू अशी फारकत पडली. ह्या मोठ्या घडामोडींना पोट, शाळा, बाजार अशी मोठी कारणे आहेत, आणि कुणाच्या हसण्याने भाषा जाते असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या कारणांवर आपला इलाज चालत नाही. आपल्या तोंडावर तरी चालावा.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: आधी उत्तर, मग हसू. मूल म्हणाले, 'मला तळणार?' तर आधी त्याला मांडीवर घ्यावे, उटण्याचा वास द्यावा, बोट पाण्यात बुडवून दाखवावे. त्याची भीती गेली की तेच हसू लागेल. मग खुशाल बरोबरीने हसावे. आणि ते फोनवर टिपून गावभर पाठवण्यापूर्वी मोठ्या माणसाला जसे विचारतो तसे त्याला विचारावे. त्याचे बोलणे ही त्याची मिळकत आहे.

हे लिहिताना माझा हात थोडा कापतो, कारण मी कादंबऱ्या लिहिते. त्या धनगराच्या पोराचे 'धरण' मी एका कादंबरीत एका विनोदी पात्राच्या तोंडी घातले होते. एका वाचकाने पत्र लिहून त्या वाक्याची तारीफ केली. ती मी एकटीने घेतली. भावाने फोनवर केले ते मी छापून केले, एवढाच फरक.

*

तेव्हा ह्या वेळी तरी चूक करावयाची नाही असे ठरवले. भाची आता नऊ वर्षांची आहे. दर रविवारी फोनवर आम्ही बोलतो. म्हणजे मी बोलते आणि ती मान हलवते. गेल्या आश्विनात मी माझी इंग्रजी बाहेर काढावयाचे ठरवले. बोलणे संपले तेव्हा 'येते' ह्या शब्दाचे इमानदारीने भाषांतर करून मी म्हणाले, "ओके, आय कम!"

पडद्यावरचा चेहरा क्षणभर गोंधळला. मग तिला असे हसू फुटले की ती खुर्चीतून दिसेनाशीच झाली. "मावशी! यू गो! तू कम नाही, तू गो!" मग तिच्या लक्षात काहीतरी आले. "अग, ते आजीचं 'येते' आहे का हे?" एवढे सबंध मराठी वाक्य तिच्या तोंडून चार वर्षांनी मी ऐकले.

तिचे हसणे मी पुरते संपू दिले. माझ्यावरची बाकी बरीच जुनी होती. मग विचारले, "ती पहाटेची गोष्ट, तुला तळणार का विचारलं होतंस ती, मी दिवाळीच्या अंकात लिहू का?"

तिने बराच विचार केला.

"चकली हे नाव पाडलं होतं, तेही लिहिणार?"

"तू म्हणशील तसं."

"लिही," ती म्हणाली. "पण मी खरंच घाबरले होते, तेही लिही."

लिहिले आहे.